परतीला पाच आठवडे उरलेत, फ्रेंच घरात ते कसे घालवू?

प्रश्न कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. सप्टेंबरपासून ती फ्रान्समधल्या ल्यों शहरात, क्रुआ-रूसच्या टेकडीवर एका कुटुंबात राहते. घरात नवरा-बायको, सात वर्षांचा मुलगा आणि दर रविवारी जेवायला येणारी आजी. नाश्ता आणि रात्रीचं जेवण कुटुंबाबरोबर. २१ डिसेंबरला परतीचं विमान आहे. ती लिहिते, "सुरुवातीला जेवणानंतर तासभर गप्पा व्हायच्या, आता मी ताट उचललं की खोलीत जाते. मादामही गप्प असतात, छोटा तर माझ्याकडे बघतही नाही. मैत्रिणी उरलेले शनिवार-रविवार बार्सिलोना आणि प्रागला घालवणार आहेत. मी जावं का? निरोपाला काय द्यावं? आणि बँक वगैरेचं काय करायचं?"

मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि सत्रासाठी फ्रान्सला जाणाऱ्या मुलामुलींची घरं, कागदपत्रं आणि परतीचे प्रश्न बरीच वर्षं हाताळते. तुझ्या पत्रातला एकही प्रश्न माझ्यासाठी नवा नाही. माझं उत्तर आधीच सांगते: बार्सिलोना पुढच्या वर्षीही तिथेच असेल. डिसेंबरचे शनिवार-रविवार या घरात काढ. ते मोकळेपणी काढता यावेत म्हणून कागदांची कामं नोव्हेंबर संपायच्या आत मार्गी लाव.

आधी तुझ्या गप्प होण्याबद्दल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे गेली, आणि डिसेंबरात ल्योंमध्ये संध्याकाळी पाचलाच दिवे लावावे लागतात. परीक्षा जवळ आल्या आहेत. त्यात एक वेगळाच थकवा असतो, जो बहुतेक मुलांना ओळखू येत नाही. सप्टेंबरात अर्धं कळायचं नाही, तेव्हा हसून वेळ निभावता यायची. आता सगळं कळतं, विनोदही कळतात, पण आपल्या मनातलं तितक्याच नेमकेपणाने सांगता येत नाही. हे अंतर फार दमवतं. मुलं मला लिहितात, "माझं फ्रेंच बिघडलं." ते बिघडलेलं नसतं. सप्टेंबरात तू 'जेवण छान आहे' एवढंच म्हणत होतीस. आता तुला आजीशी वाद घालायचाय की पेन्शनचं वय वाढवणं योग्य होतं की नाही. वाक्यं मोठी झाली, म्हणून ठेचा जास्त लागतात. खोलीत जाऊन बसलीस तर नेमका हाच टप्पा अर्धवट राहील, आणि पुण्यातल्या कुठल्याही वर्गात तो मला तुला देता येणार नाही.

घरी फोन करायची तुझी वेळ काय आहे, हे तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. हिवाळ्यात भारत फ्रान्सच्या साडेचार तास पुढे असतो. तिथे आठला जेवायला बसता, तेव्हा कोल्हापुरात साडेबारा वाजलेले असतात. आई जागी राहते आणि तिला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून तू टेबलावरून लवकर उठतेस. फोन संध्याकाळी साडेपाचला कर. घरी दहा वाजलेले असतील, सगळ्यांची जेवणं झालेली असतील, आणि तुझं रात्रीचं जेवण तुझ्या हातात राहील. एवढ्या एका बदलाने कित्येक घरांतलं बोलणं पुन्हा सुरू झालेलं मी पाहिलंय.

आता मादाम. जी कुटुंबं वर्षानुवर्षं विद्यार्थी ठेवतात, त्यांच्याकडे जानेवारीत नवा विद्यार्थी येणार हे बहुधा नोव्हेंबरातच ठरतं. तुझी खोली बघायला कुणी आलं असेल किंवा तसा फोन तुझ्या कानावर पडला असेल, तर तुला लागणं साहजिक आहे. पण त्यांच्या बाजूने बघ. दर सत्राला कुणीतरी घरातलं होतं आणि जातं. अनेक बायका शेवटच्या महिन्यात जरा मागे सरतात, कारण तू परीक्षेत आणि मैत्रिणींत गुंतलेली दिसतेस आणि तुला अडवायचं नाही असं त्यांना वाटतं. फ्रेंच घरांत दुसऱ्याच्या खोलीचं दार वाजवून 'काय झालं गं?' असं सहसा विचारत नाहीत. ते तुझ्या खाजगीपणाला मान देणं असतं. तेव्हा सुरुवात तुलाच करावी लागेल, आणि ती सोपी आहे. 'मला अजून पाच आठवडे आहेत, त्यातले रविवार मला तुमच्याबरोबर घालवायचेत, चालेल का?' असं स्वच्छ विचार. आठवड्याचं गणित मांडायला त्यांनाही बरं पडतं, कारण किती जणांचं जेवण धरायचं हे त्या घरात आधी ठरतं.

"आम्ही पैसे देतो, मग एवढं मनाला का लावून घ्यायचं?" हा प्रश्न मला पालकांकडून नेहमी येतो. पैसे खोलीचे आणि जेवणाचे असतात, हे खरं. तुझं चुकीचं क्रियापद न हसता दुरुस्त करणं, ताप आल्यावर औषधाच्या दुकानात बरोबर येणं, आजीने तुझ्यासाठी मांस नसलेला ग्रातँ (भट्टीत भाजलेला बटाट्याचा किंवा भाज्यांचा पदार्थ) वेगळा करणं, हे करारात कुठेच नसतं. करारातलं सगळं चोख पूर्ण कर आणि करारात नसलेल्याची आठवण ठेव. दोन्हींत गल्लत केली की एकतर आपण गिऱ्हाईक होतो, नाहीतर हिशेब विसरलेले पाहुणे.

छोट्याचं वागणं मला सगळ्यांत समजण्यासारखं वाटतं. सहा-सात वर्षांच्या मुलांना कुणी जाणार हे कळतं, कधी ते कळत नाही, आणि मग ती रुसून आधीच नातं तोडतात. त्याला तारीख दाखव. फ्रान्समध्ये १ डिसेंबरपासून मुलं रोज एक खिडकी उघडतात अशी २४ खिडक्यांची नाताळची दिनदर्शिका घराघरांत असते. प्रत्येक खिडकीमागे चॉकलेट किंवा चित्र असतं. त्याच्या आईला विचारून २१ च्या खिडकीवर तुझ्या नावाचं छोटं चित्र चिकटव आणि त्याला सांग, या दिवशी सकाळची खिडकी आपण दोघं मिळून उघडायची. मग त्या तीन आठवड्यांत त्याला रोज थोडा वेळ दे. त्याच्याकडून मराठीत एक ते दहा आकडे म्हणवून घे, त्याचं गृहपाठाचं वाचन ऐक. लहान मुलांची फ्रेंच ऐकणं तुझ्या कानालाही फार उपयोगी आहे, त्यांच्याइतकं भरभर आणि अक्षरं गिळून कुणी बोलत नाही.

आणि ८ डिसेंबर. ल्योंमध्ये असून त्या दिवशी प्रागला असणं, हे मला खरंच सहन होणार नाही. १८५२ मध्ये फुर्विएरच्या टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता. मूळ तारीख ८ सप्टेंबर होती, पण सोन नदीला पूर आल्यामुळे ती ८ डिसेंबरवर गेली. त्या संध्याकाळी वादळाने सगळा बेत उधळणार असं वाटत असताना आभाळ निवळलं, आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून ती प्रथा आहे. आता त्याभोवती चार दिवसांचा दिव्यांचा मोठा उत्सव होतो, इमारतींवर प्रकाशाचे खेळ होतात, जगभरातून गर्दी लोटते. ते सगळं एका संध्याकाळी बघून घे. पण ८ तारखेला मात्र घरी थांब. जुनी ल्योंकर कुटुंबं खिडकीच्या कठड्यावर नक्षीच्या काचेच्या पेल्यांत छोट्या मेणबत्त्या ओळीने लावतात. ते लावायला मदत कर. त्या खिडकीत उभी राहून तुला दिवाळीबद्दल बोलावंसं वाटेल, तेव्हा बोल. या वर्षी तुझी दिवाळी घराबाहेर गेली हे त्यांना कदाचित कळलंही नसेल.

रविवारचं जेवण साडेबाराला सुरू होऊन चारपर्यंत चालतं, हे तुला माहीत आहे. अभ्यासाचं निमित्त करून दोनला उठू नकोस. चीज येईपर्यंत लोक कामाचं आणि बातम्यांचं बोलतात, आठवणी त्यानंतर निघतात. आजीला तिच्या लहानपणाबद्दल विचार. क्रुआ-रूस ही रेशीम विणकरांची टेकडी. तिथल्या जुन्या घरांची छतं उंच आहेत कारण मोठे माग आत मावायला हवे होते. आजीच्या आधीच्या पिढीत कुणी मागावर होतं का, हे विचारून बघ. आपल्या भागात इचलकरंजी आहे, तुला मागाबद्दल तिला सांगण्यासारखंही काही असेल.

एक संध्याकाळ तू स्वयंपाक कर. ही गोष्ट सगळ्याच जणी ठरवतात आणि शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात. तेव्हा बॅगा अर्ध्या भरलेल्या असतात आणि घर थकलेलं असतं. डिसेंबरचा दुसरा आठवडा चांगला. तारीख मादामना विचारून ठरव, किती जण येणार ते विचार, आणि आजीला बोलाव. सामान गियोतिएर भागातल्या आशियाई दुकानांत मिळेल: तूरडाळ, मोहरी, हिंग, बासमती. कढीपत्ता मिळाला तर घे, नाही तर त्यावाचून अडत नाही. एक धोका आधीच सांगते. फ्रान्समध्ये २०१५ पासून प्रत्येक घरात धुराची सूचना देणारं यंत्र लावणं सक्तीचं आहे. बंद खिडकीत, विजेच्या शेगडीवर, कडक तेलात मोहरी-मिरचीची फोडणी दिलीस तर ते किंचाळेल आणि अख्खा मजला बाहेर येईल. खिडकी उघड, धूर ओढणारा पंखा चालू कर, तेल मध्यम तापव, मिरची सगळ्यांत शेवटी आणि अगदी थोडी घाल. चुलीवर ज्वाळा नाही, तेव्हा फुलके फुगवायच्या भानगडीत पडू नकोस, भात पुरेल.

वाढण्याची पद्धत त्यांची ठेव. आपण ताटात सगळं एकदम वाढतो, ते एकामागून एक खातात. काकडीची कोशिंबीर आधी, एकटी, पावाबरोबर. मग वरणभात, बटाट्याची भाजी आणि सोबत लिंबू. चीज त्यांना हवं असेल तर येऊ दे, त्यात आपला अपमान नाही. गोडाला श्रीखंड कर. तिथे दुकानात फ्रोमाज ब्लां नावाचं मऊ ताजं चीज मिळतं. ते आदल्या रात्री पातळ फडक्यात बांधून सिंकवर टांग, सकाळी चक्का तयार. त्यात साखर, वेलची, दुधात भिजवलेलं केशर. एरवी मसाल्याला बिचकणारी माणसंही दुसऱ्यांदा वाढून घेतात, आणि कृती विचारतात. ती फ्रेंचमध्ये, तुझ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात ठेवून ये. आणि शेवटचं: भांडी तू घास. भांडी धुण्याच्या यंत्रात काय जातं आणि काय नाही, हे एव्हाना तुला पाठ असेल.

निरोपाच्या भेटीबद्दल माझं मत ठाम आहे. महाग काही नको. तुला खर्च करायचाच असेल तर आईला सांगून येणाऱ्या कुणाबरोबर एखादं वारलीचं चित्र मागव, सपाट असतं, फ्रेममध्ये बसतं. छोट्यासाठी वेगळं काही दे, त्याचं नाव घालून. आजीलाही विसरू नकोस. पण त्या घरात जे खरोखर राहतं ते हाताने लिहिलेलं पत्र. एक पान पुरे. त्यात 'तुमच्या प्रेमाबद्दल आभार' अशी सगळीकडे चालणारी वाक्यं टाळ आणि तीन प्रसंग नेमके लिही: कोणत्या दिवशी, कोण काय म्हणालं. मादामना आजवर 'वू' (आदराचं 'तुम्ही') म्हणत असशील तर पत्रातही तेच ठेव. त्या स्वतः म्हणाल्याशिवाय 'त्यू' (जवळिकीचं 'तू') वर येऊ नकोस. व्याकरण मैत्रिणीकडून तपासून घे, पण वाक्यं तुझी राहू देत, यंत्राकडून लिहून घेतलेलं त्यांना पहिल्या ओळीत कळतं.

फुलं नेणार असशील तर शेवंती मुळीच नको. आपल्याकडे ती देवाला आणि वेणीत, म्हणून हात सहज तिकडे जातो. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला लोक शेवंतीच्या कुंड्या कबरींवर ठेवतात, आणि ती कुणी जेवणाच्या टेबलावर ठेवत नाही. भेट देताच ती तुझ्यासमोर उघडली जाईल, त्याने अवघडून जाऊ नकोस, न उघडणं तिथे उद्धट समजतात. तुला काही मिळालं तर तूही तिथेच उघड.

आता कागद. इथे क्रम चुकला की महिनोन्‌महिने त्रास होतो. खोलीच्या करारात सोडण्याच्या सूचनेची मुदत बघ, सहसा एक महिना असते. मादामना तारीख तोंडी माहीत असली तरी लेखी कळव. अनामत रक्कम केव्हा आणि कोणत्या खात्यात परत येणार ते विचार, आणि ती येईपर्यंत फ्रेंच बँकेतलं खातं बंद करू नकोस. घरभाड्याची सरकारी मदत घेत असशील तर निघण्याची तारीख त्यांच्या संकेतस्थळावर नोंदव, नाहीतर जादा जमा झालेले पैसे ते परत मागतात. बँक खातं बंद करणं तिथे मोफत असतं, लेखी अर्ज लागतो. मोबाईल मात्र सगळ्यांत शेवटी बंद कर. बँकेचा सुरक्षा संकेत त्याच फ्रेंच क्रमांकावर येतो. आधी मोबाईल बंद केला की स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही, आणि मग भारतातून पत्रव्यवहार करत बसावं लागतं. घराचा विमा आणि बसचा मासिक पास यांची खात्यातून आपोआप होणारी वजावटही थांबव.

विद्यापीठात परीक्षेच्या तारखा आजच बघ. काही विषयांच्या परीक्षा नाताळच्या सुट्टीनंतर जानेवारीत असतात. सत्राच्या विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापक अनेकदा डिसेंबरात वेगळी सोय करतात, पण वेळेवर विचारलं तरच. गुणपत्रक तू परतल्यावर येईल, ते कोणाकडून आणि कोणत्या पत्त्यावर ते विचारून ठेव. तिथले गुण २० पैकी असतात. १० ला उत्तीर्ण, १२ म्हणजे बऱ्यापैकी चांगले, १४ म्हणजे चांगले, १६ म्हणजे फार चांगले. घरी आणि कॉलेजला आधीच सांग की १३ गुणांचं सरळ ६५ टक्के करायचं नसतं. तुझ्या विभागाकडे श्रेणी बदलण्याचा तक्ता आहे का, हे इथून मीही विचारू शकते. व्हिसाची शेवटची तारीख पासपोर्टवर बघ आणि नाताळात आणखी थोडं राहायचा मोह झाला तरी त्यापलीकडे एक दिवसही जाऊ नकोस.

खोली शेवटच्या रात्री साफ करू नकोस, आदल्या शनिवारी कर, खिडक्यांसकट. काही फुटलं-तुटलं असेल, कार्पेटवर हळदीचा डाग असेल, तर तू असताना दाखव. गेल्यावर सापडलेला डाग वेगळाच वाटतो.

विमान पॅरिसहून असेल तर त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबू नकोस. ल्योंहून विमानतळापर्यंत थेट वेगवान गाडी सुमारे दोन तासांत नेते, पण डिसेंबर हा तिथे संपाचा महिना ठरू शकतो. २०१९ मध्ये पेन्शनवरून ५ डिसेंबरला सुरू झालेला रेल्वे संप नाताळातही चालू होता. आदल्या दिवशी पोहोचण्याची सोय बघ. मग २१ ची खिडकी छोट्याबरोबर २० लाच उघडावी लागेल, त्याला ते आधीच सांग.

एक वेगळी शक्यताही बोलून ठेवते, कारण हे उत्तर इतरही मुलं वाचतील. सगळी घरं तुझ्या घरासारखी नसतात. काही ठिकाणी नातं खोलीपुरतंच राहतं, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. तिथे ओढूनताणून जिव्हाळा दाखवू नये. नीट हिशेब, स्वच्छ खोली, चार ओळींचं आभाराचं पत्र, एवढं पुरेसं आहे. पण जिथे ठरलेलं जेवण मिळालं नाही, खोली थंड ठेवली गेली किंवा वागणूक अपमानाची होती, तिथे निघण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी कळवा. 'आता दोनच आठवडे राहिलेत' म्हणून गप्प बसलात तर जानेवारीत त्याच खोलीत दुसरी मुलगी जाते.

परतल्यावर दोन कामं. फ्रेंच ताजी असताना, एक-दोन महिन्यांत, देल्फ (DELF) या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी-दोन, म्हणजे वरची मध्यम पातळी दे. पुण्यात आणि मुंबईत अलियाँस फ्राँसेजमध्ये ती होते, आणि तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. सध्या तू दर रविवारी आजीशी जे वाद घालतेस, तीच तिच्या तोंडी परीक्षेची तयारी आहे. दुसरं, जानेवारीत त्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं कार्ड पोस्टाने पाठव. फ्रान्समध्ये या शुभेच्छा ३१ जानेवारीपर्यंत चालतात, पण भारतातून टपाल पोहोचायला वेळ लागतो. म्हणून घरी पोहोचल्याच्या आठवड्यातच लिही, आणि छोट्यासाठी त्याच पाकिटात भारतीय तिकिटं घाल. पत्ता आत्ताच, दाराच्या संकेतांकासकट, वहीत उतरवून घे.